आतून कडी

मंद्रूपकर अक्कांच्या हातात कुणी फॉर्म दिला की मी आधी मागची रांग बघून घ्यायचो. फॉर्म कसलाही असो, चपलांच्या दुकानातला ‘आमची सेवा कशी वाटली’ असला किंवा मोबाईल कंपनीचा. अक्का नाव-पत्ता निमूट भरायच्या आणि एका रकान्यापाशी येऊन थांबायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायच्या, काउंटरपलीकडच्या माणसाकडे चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, “ह्ये कशाला पायजे तुमाला?”

‘ह्ये’ म्हणजे ‘स्त्री / पुरुष’.

एकदा माझ्या मुलीच्या निकालाचे पेढे घ्यायला अक्का आणि मी एका मिठाईच्या दुकानात गेलो होतो. तिथं नवीनच मेंबरशिप कार्ड सुरू झालं होतं. अक्कांनी कार्ड घ्यायचं ठरवलं आणि रकान्यापाशी थांबल्या. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “मॅडम, सिस्टीम मागतीय.”

“सिस्टीमला म्हनावं, बाईला पेढा गोड लागतोय आनि पुरुषाला तिखट, असं हाय का?”

“भरल्याशिवाय पुढं जाईना की हो मॅडम.”

मागं रांग फुटपाथवर गेली होती. मी वजन करून ठेवलेल्या पेढ्यांकडे बघत उभा होतो. अक्कांनी अंबाड्यात खोचलेलं पेन काढलं आणि त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘घरी विचारून कळवते’. ते कार्ड त्यांना मिळालं की नाही मला आठवत नाही, पण त्या दुकानातला पोरगा पुढं कायम त्यांना दोन पेढे जास्त द्यायचा.

आमचं वाचनालय जुनं, सोलापुरातल्या जुन्या पेठेतलं. मी तिथं ग्रंथपाल आणि अक्का कार्यालयाच्या प्रमुख. म्हणजे पुस्तकं माझ्या ताब्यात आणि मी अक्कांच्या. त्यांचं माहेर कर्नाटक सीमेजवळच्या मंद्रूपचं, म्हणून त्या मंद्रूपकर, आणि राग आला की कानडीत यायचा, ओसरला की मराठीत. कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात पेन, टेबलाच्या खणात शेंगाचटणीची बाटली. दुपारी डबा उघडला की शिपायापासून अध्यक्षांपर्यंत प्रत्येकाच्या भाकरीवर त्या चटणीचा एक चमचा पडायचाच, नको म्हणायची सोय नव्हती. आणखी एक खोड म्हणजे विनोद सांगायच्या आधीच त्या हसायला लागायच्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या आणि विनोद राहूनच जायचा. आम्ही मात्र त्यांच्याकडे बघून हसून घ्यायचो.

विमा विकणारे, कर्ज देणारे, सर्व्हे करणारे यांचे फोन आले की अक्का खुर्चीत सरसावून बसायच्या. पलीकडच्यानं वय, लग्न, मुलंबाळं विचारली की त्या गोड आवाजात म्हणायच्या, “सांगते की. आदी तुमचं सांगा. लगीन झालंय? मूळव्याध हाय का घरात कुनाला? सासूशी पटतंय का?” पलीकडून ‘मॅडम, कशासाठी?’ असा आवाज आला की, “न्हाय, नुसतं माहितीसाठी.” ते शब्द त्यांना फार आवडायचे. जगातला निम्मा आगाऊपणा माणसं नुसता माहितीसाठी करतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या वाचनालयाच्या फॉर्मवरही तो रकाना होता, आणि तो गेला गायकवाड फौजदारांमुळे.

वर्धापनदिनाला जुन्या सभासदांचा सत्कार करायची आमच्याकडे पद्धत. पुरुषांना टॉवेल-टोपी, बायकांना ब्लाऊजपीस आणि नारळ. गाठोडी सभासदांच्या यादीवरून आधीच बांधून, नावं लावून ठेवलेली असत. त्या वर्षी निवृत्त फौजदार गायकवाड मिशांना पीळ देत स्टेजवर आले, अध्यक्षांनी नमस्कार करून गाठोडं हातात दिलं, आणि फौजदारांनी तिथंच ते उघडलं. आत हिरव्या काठाचा ब्लाऊजपीस. फौजदारांनी ते कापड उलगडलं, छातीला लावून बघितलं आणि माईकमध्ये म्हणाले, “रंग झकास हाय. पर माझ्या मापात बसंल असं वाटंना.”

हशानं हॉल दणाणला. अक्का तर स्टेजच्या पायरीवरच बसल्या.

चौकशी केल्यावर कळलं की आधीच्या कारकुनानं, ज्यांनी तो रकाना कोरा सोडला होता त्यांचा आपणच भरून टाकला होता. कसा, तर त्या माणसानं पुस्तकं कुठली नेली ते बघून. फौजदारांची बायको गेल्यावर त्यांनी आमच्याकडची पाककृतींची सगळी पुस्तकं ओळीनं वाचून काढली होती आणि बघता बघता चांगला स्वयंपाक करायला शिकले होते. कारकुनानं त्यांना स्त्री करून टाकलं होतं.

पुढच्या सभेत अक्का उभ्या राहिल्या. “ह्यो रकाना आपल्याला कशाला लागतोय, तर टॉवेल द्यायचा का ब्लाऊजपीस, ह्ये ठरवायला. तेवढ्यापायी सगळ्या गावाला विचारत बसायचं, आनि वर चुकीचं लिहायचं. सोलापुरात राहतोय आपन. सगळ्यांना एकेक चादर द्या की! थंडी काय रकाना बघून वाजतीय?” ठराव झाला. नव्या फॉर्मवरून रकाना गेला आणि कॉम्प्युटरमध्ये होता तोही पुसला. मला आनंद झाला. तो तत्त्वाचा नव्हता, मला एक शब्द कमी टाईप करावा लागणार होता एवढंच.

तत्त्व काय ते मला सरिता आली त्या दिवशी कळलं. सरिता उंच, रुंद खांद्यांची. घरच्यांनी तिला लहानपणी मुलगा म्हणून वाढवलं होतं आणि पेठेत तिला त्या जुन्या नावानं मुद्दाम हाक मारणारे दोन-चार शहाणे अजून होते. तिनं सभासद व्हायचा फॉर्म घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, मग उलटा करून बघितला.

“मागं अजून काय हाय का?”

“मागं कोरं हाय,” अक्का मान वर न करता म्हणाल्या, “बाजारची यादी करायला वापरा.”

“मग झालं?”

“दोन फोटो द्या की. रहस्यकथा तिकडं, देवाधर्माचं हिकडं. रहस्यकथेची शेवटची पानं फाडू नका, लई वाईट सवय हाय लोकांना.”

सरिता रहस्यकथांच्या कपाटाकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच होती. पुढं ती रोज यायला लागली, वर अभ्यासिकेत बसून वाचायची. अक्कांनी त्या दिवशी याहून जास्त काही केलं नाही. मला मात्र उगाचच फार बरं वाटलं होतं.

यावरून अक्का त्या रकान्याच्या हाडवैरी होत्या असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. आमच्या हॉलमध्ये रक्ततपासणीचं शिबिर भरलं तेव्हा तपासणीला आलेल्या ताईंनी अक्कांची कीर्ती ऐकून त्यांचा तेवढा रकाना कोरा सोडला. अक्का भडकल्या. “अगं, बाईचं आनि पुरुषाचं हिमोग्लोबिन एकाच मापानं बघनार काय? हितं विचारायचंच की! पर हळू विचारायचं, हॉलला ऐकू जाईल असं न्हाय.” आणि त्यांनी टेबलापुढं स्वतःची शाल पडद्यासारखी टांगली. रांगेतला एकेक माणूस पडद्याआड जाऊ लागला. सरिताही गेली. आत काय बोलणं झालं ते आम्हाला माहीत नाही आणि अक्कांनी विचारलंही नाही.

तर अशा या अक्का स्वतःच पुसलेल्या रकान्यात अडकल्या.

आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी सकाळी यायची ती संध्याकाळी जायची. वरच्याच मजल्यावर संचालक मंडळाची खोली आणि तिला लागून ‘पुरुष’ अशी पाटी लावलेलं एक स्वच्छतागृह. ‘स्त्रिया’ ही पाटी इमारतीत कुठंच नव्हती. बांधणाऱ्यांच्या डोक्यात बायका आल्याच नसाव्यात. अक्का स्वतः इतकी वर्षं समोरच्या साडीच्या दुकानात जायच्या, मालकीणबाई मैत्रीण होत्या. “माझ्या निम्म्या साड्या मी त्या मोरीच्या भाड्यापायी घेतल्यात,” असं म्हणायच्या, अर्थात आधी हसून.

उन्हाळा लागला आणि अक्कांच्या लक्षात आलं की अभ्यासिकेत मुली बसतात त्या बाजूचा पाण्याचा जार भरलेला तो भरलेलाच राहतो. मुलांच्या बाजूचा दुपारच्या आत रिकामा. सोलापूरचा एप्रिल, पंखासुद्धा गरम वारा टाकतो. अक्कांनी वर जाऊन विचारलं, “पानी का पीत न्हाय गं पोरींनो?” सगळ्या पुस्तकात डोकं घालून बसल्या. कुंभारीहून बस बदलून येणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “तहान लागत न्हाय अक्का.”

अक्का खाली येऊन खुर्चीत बसल्या. “तहान लागत न्हाय म्हनं,” एवढंच म्हणाल्या. त्यांना न हसता इतका वेळ बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढच्याच सभेत त्यांनी विषय मांडला. वर जिन्यासमोर मोकळी जागा आहे, तिथं बायकांसाठी सोय करावी. अडचण अशी, की ती जागा अध्यक्षांनी आधीच मनात धरलेली होती. अध्यक्ष म्हणजे वकीलसाहेब. त्यांचे आजोबा वाचनालयाचे संस्थापक, आणि तिथं आजोबांचा अर्धपुतळा बसवायचा होता. वकीलसाहेब माणूस वाईट नाही, पण कोर्टातली सवय घरी सोडून येत नाहीत.

“अक्का, अभ्यासिकेत मुली किती, मुलं किती? देणगीदार आकडा मागतात. काढा बघू कॉम्प्युटरवर.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

“अरे हो!” वकीलसाहेब म्हणाले, “रकाना तर तुम्हीच काढायला लावलात!”

सगळे हसले. टॉवेल-टोपी बंद झाल्यापासून वकीलसाहेब या क्षणाची वाट बघत असावेत. अक्काही हसल्या, पण सगळ्यांच्या नंतर.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “सर, चुकले की हो मी. जितं कामाचं होतं तितनंबी पुसून टाकलं.”

मी म्हणालो, नावांवरून अंदाज काढू. त्या म्हणाल्या, “त्या कारकुनानं पुस्तकावरनं काढला तसा?” मग मी सुचवलं, अभ्यासिकेबाहेर काढलेल्या चपला मोजू. एका दुपारी आम्ही दोघं जिन्यात वाकून चपला मोजत बसलो. सगळे बूट सारखेच, आणि गुलाबी स्लीपर एका दाढीवाल्या मुलाच्या निघाल्या. तो नाद सोडला.

शेवटी अक्कांनी एक चिठ्ठी तयार केली. ‘अभ्यासिकेसाठी नवे स्वच्छतागृह बांधायचे आहे. किती आणि कसे बांधावे हे ठरवण्यासाठी विचारत आहोत. तुम्ही कोणते वापराल? स्त्रियांचे, पुरुषांचे, की आणखी काही सांगायचे आहे? नाव लिहू नका. काम झाले की चिठ्ठ्या नष्ट करू.’

“एवढी प्रस्तावना कशाला अक्का?” मी टाईप करता करता वैतागलो.

“मला कुनी विचारलं तर मी कशाला म्हनून विचारते का न्हाय? मग आपन विचारताना आदीच सांगायला नको?”

मिठाईच्या खोक्याला फट पाडून तो वर ठेवला. भरल्यावर दार लावून आम्ही तो उघडला. आकडा निघाला. मुली निम्म्याच्या थोड्या खाली. एका मुलानं ‘आमचा नळ पण दुरुस्त करा’ असं लिहिलं होतं. एका चिठ्ठीवर ‘स्त्रियांचे’वर खूण होती आणि खाली बारीक अक्षरात, ‘मी दिवसभर पाणी पीत नाही.’ अक्कांनी ती बाजूला ठेवली आणि चष्मा पुसला. मग आणखी एक निघाली. तिच्यावर कुठंच खूण नव्हती, फक्त एक ओळ होती. ‘ज्याला आतून कडी असेल ते.’

अक्षर मला ओळखीचं वाटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “सर, वळखायचं न्हाय. आपन लिहून दिलंय.” मी तोंड मिटलं. मला त्या क्षणी त्या बाईचा फार अभिमान वाटला, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

सभा भर दुपारी ठेवली होती, आणि ती अक्कांनीच ठेवली होती. त्यांचे दीर श्रीपूरच्या साखर कारखान्यात, त्यांच्याकडून ऊस आला होता. आल्या आल्या प्रत्येकाला बर्फ घातलेला रस, मग आणखी एक ग्लास, मग विषय तापले म्हणून ताक. अक्कांचा विषय यादीत सर्वांत शेवटी. सभासदांचे प्रतिनिधी म्हणून गायकवाड फौजदारही होते, पण ते काही केल्या रस घेईनात. “डॉक्टरांनी बंद केलंय,” असं म्हणून नुसते मिशा कुरवाळत होते.

हिशेबाच्या विषयाला खजिनदार हळूच उठून गेले आणि लगेच परत आले. “कुलूप आहे.”

“दुरुस्ती चालू हाय की. नळ बघायचाय, फरशी उखडलीय,” अक्का म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी पायावर पाय टाकला. त्यांना मधुमेह. थोड्या वेळानं त्यांनी पाय बदलला. “अक्का, तुम्ही त्या समोरच्या दुकानात जाता ना, तिथं जरा…”

“जावा की. पर तितं जायचं तर साडी घ्यावी लागतीय साहेब.”

फौजदारांच्या मिशा थरथरायला लागल्या. अक्कांनी शांतपणे आकडा वाचून दाखवला. वकीलसाहेब घाम पुसत म्हणाले, “पण निम्म्याही नाहीत मुली. एवढ्यांसाठी संस्थापकांची जागा…”

“ह्या न पिता बसनाऱ्या साहेब. ज्या त्यापायी येतच न्हाईत त्यांच्या चिठ्ठ्या कुटनं आनू मी?” अक्का म्हणाल्या, आणि मग पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या. आम्हाला वाटलं विनोद पुन्हा राहणार. पण त्या दिवशी तो बाहेर पडला. “आनि संस्थापकांचा पुतळा अर्धा हाय हो. कंबरेखाली त्यांना काय न्हाईच. त्यांना कशाला ती जागा?”

वाचनालयाच्या इतिहासात इतक्या लवकर ठराव झाल्याचं मला आठवत नाही. वकीलसाहेबांनी उभ्यानंच सही केली. अक्कांनी कमरेची किल्ली काढली, “बाजूची फरशी उखडलीय, मदली शाबूत हाय,” म्हणून पुढं केली आणि अख्खं संचालक मंडळ ओळीनं उभं राहिलं. पुढं वकीलसाहेबच ही गोष्ट सगळीकडे सांगत फिरले. फक्त त्यांच्या गोष्टीत ठराव करायचं त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

तीन छोट्या खोल्या झाल्या, प्रत्येकीला वेगळं दार. दोन दारांवर ‘स्त्रिया’ आणि तिसऱ्यावर ‘कुणीही’. सुतारानं पत्र्याच्या कड्या आणल्या होत्या, त्या अक्कांनी परत पाठवल्या. जाड पितळी आणवल्या, प्रत्येक खोलीत स्वतः गेल्या आणि आतून ओरडल्या, “सर, ढकला! जोरात ढकला!” मी तीन दारं ढकलली, एकही हललं नाही. चिठ्ठ्या अहवालात छापू, असं वकीलसाहेबांच्या मनात होतं. अक्कांनी त्या आदल्याच दिवशी बादलीत भिजवून लगदा करून जास्वंदीच्या कुंडीत घातल्या होत्या. “लिहून दिलंय की,” त्या म्हणाल्या.

त्याच वर्षी जूनमध्ये अक्का निवृत्त झाल्या. त्यांच्याच ठरावाप्रमाणे त्यांना चादर मिळाली. मग फौजदार उठले आणि पिशवीतून स्वतःच्या खर्चानं आणलेली टॉवेल-टोपी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. अक्कांनी टोपी उलगडून अंबाड्यावर बसवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि भाषण करायला उभ्या राहिल्या. हसण्यातच भाषण संपलं.

पेढे वाटताना अक्का दिसेनात. मी शोधत वर गेलो. अभ्यासिकेच्या दारात, डोक्यावर ती टोपी तशीच, त्या पाण्याच्या जारकडे बघत उभ्या होत्या. मुलींची रांग लागली होती. कुंभारीची मुलगी बाटली भरून तिथंच घटाघटा प्यायली आणि पुन्हा भरायला लागली. तिच्या मागची, तिच्याही मागची, सगळ्या पीत होत्या.

मला राहवलं नाही. “अक्का, ती ‘पाणी पीत नाही’वाली चिठ्ठी हिचीच असेल का हो?”

“आता कसं कळनार? सगळ्याच पितात की,” अक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या.

एवढ्यात आमच्या पाठीमागं एक दार लोटल्याचा आवाज झाला, आणि आतून पितळी कडी खट्कन लागली. तिसरं दार असावं. मी वळून बघणार, तोच अक्कांनी माझी बाही धरून ओढली.

“खाली चला सर. पेढे संपतील.”